रोहिणीतील किरण : एका अल्पायुषी उपचाराचा इतिहास

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत वसलेल्या आपल्या ज्ञातीत, ज्याच्या आप्तेष्टांपैकी कोणाच्याही हृदयात स्टेंट बसविलेला नाही, असे कुटुंब आज विरळाच. स्टेंट बसला म्हणजे रोग संपला, अशी अनेकांची समजूत असते. ती पुरती खरी नाही, हे एका विस्मृतीत गेलेल्या उपचाराच्या इतिहासावरून ध्यानात येते.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने प्रथम रुंद केली. परंतु कित्येकांची रोहिणी काही महिन्यांतच पुन्हा आकुंचन पावे. म्हणून तिला आतून आधार देणारी धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, १९८६ साली फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयात प्रथम बसविण्यात आली. आकुंचन थांबले, तरी नवीच अडचण उभी राहिली. जाळीने दुखावलेली भिंत भरून येताना पेशींची वाढ प्रमाणाबाहेर होई आणि जाळीच्या आतच मार्ग पुन्हा बुजे.

जखमेच्या व्रणाची फाजील वाढ किरणांनी रोखता येते, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक होते. तोच न्याय रोहिणीस लावण्यात आला. बारीक नळीतून किरणोत्सर्गी द्रव्य अरुंद जागेपर्यंत न्यावयाचे, काही मिनिटे तेथे ठेवावयाचे आणि परत काढून घ्यावयाचे, अशी ही रीत होती. त्यासाठी इरिडियम, स्ट्रॉन्शियम व फॉस्फरस यांचे किरणोत्सर्गी प्रकार वापरीत. ही द्रव्ये आपणांस अगदीच परकी नव्हेत. आपल्या उपनगरांच्या शेजारी तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे तेथील अणुभट्ट्यांतून औषधोपचारास व उद्योगास लागणारी अशी द्रव्ये देशातच सिद्ध होऊ लागली.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील ५५ रुग्णांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. किरण दिलेल्यांत शेकडा १७, तर न दिलेल्यांत शेकडा ५४ जणांची रोहिणी पुन्हा अरुंद झाली होती. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या सरकारने या उपचारास मान्यता दिली. मात्र दोष लवकरच दिसू लागले. किरण पोहोचलेल्या भागाच्या दोन्ही टोकांशी रोहिणी अरुंद होई. आणि किरणांमुळे जखम उशिरा भरत असल्याने, विशेषतः त्याच वेळी नवा स्टेंट बसविलेल्या रुग्णांत, कित्येक महिन्यांनीही रक्ताची गुठळी होण्याचे भय राही. म्हणून रक्त न गोठू देणारी औषधे अधिक काळ चालू ठेवावी लागली.

एप्रिल २००३ मध्ये औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनांत तोच किरणांहून सरस ठरला. किरणोपचार मागे पडला. आज वारंवार बुजणाऱ्या, स्टेंटवर स्टेंट बसलेल्या रोहिणीसाठी अमेरिकेतील मोजक्या रुग्णालयांतच तो दिला जातो. अन्यत्र औषध लावलेला फुगा किंवा नवा स्टेंट यांवर भर असतो.

मग या इतिहासापासून आपण काय घ्यावे? जखम भरण्यास वेळ लागतो, हा किरणांच्या काळात मिळालेला धडा लेपाच्या स्टेंटलाही लागू पडला. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये व लेपाच्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली आणि हा उपचार मध्यमवर्गाच्या पुष्कळसा आटोक्यात आला. तथापि छातीत दुखणे थांबले म्हणून, दात काढावयाचा म्हणून, अथवा खर्च वाचावा म्हणून हृदयाच्या डॉक्टरांस न विचारता गोळ्या बंद करणे जिवावर बेतू शकते. स्टेंटचे कार्ड व रुग्णालयाचे कागद घरात सर्वांस ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत. आणि पूर्वीचे दुखणे परतल्यास ते अंगावर न काढता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आपल्या दोषांची प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्या शास्त्रानेच पुढचा मार्ग दाखविला. त्याचा लाभ पदरात पाडून घेण्यासाठी एवढी दक्षता प्रत्येक घराने बाळगणे अगत्याचे आहे.