सामान्य प्रोसेसर कीं वर्कस्टेशनचा?



संगणक विकत घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें दुकानदार आज दोन प्रकारचे प्रोसेसर मांडतो. एक घरांतील वा कचेरींतील मेजावरच्या साध्या संगणकाचा, आणि दुसरा वर्कस्टेशनचा. म्हणजे अभियंते, शास्त्रज्ञ, चित्रपटांचे संकलक इत्यादि मंडळी ज्या यंत्राकडून रात्रंदिवस जड काम करवून घेतात त्या यंत्राचा. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट असूं शकते. महाग तें चांगलें असें समजून कोणी दुसऱ्याकडे वळतो, आपल्याला काय करावयाचें आहे असें म्हणून कोणी पहिला उचलतो. आणि दोघांचाही निर्णय बहुधा पुरता विचार न करितां झालेला असतो. वस्तुतः हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत, पुण्यास आणि मुंबईस, तो गेल्या पस्तीस वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढें पुनःपुन्हां येऊन उभा राहिला आहे, आणि त्यांनीं त्याचीं निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं उत्तरें दिलेलीं आहेत. तो इतिहास आज आपणांपुढें ठेवावा असा माझा हेतु आहे.

आरंभीं अशी निवडच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक नांवाचा संगणक १९६० सालीं चालूं झाला, तो निर्वात नळ्यांचा होता. त्यांत प्रोसेसर म्हणून बोट दाखवावें अशी निराळी वस्तु नव्हती. कपाटेंच्या कपाटें मिळून तो प्रोसेसर होई. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर एका चिमुकल्या तुकड्यावर बसवून ४००४ ही चिप विकावयास काढली, आणि तेव्हांपासून प्रोसेसर ही पेठेंत मिळणारी वस्तु झाली. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या वैयक्तिक संगणकांत इंटेलचा ८०८८ घातला. ही सामान्य प्रोसेसरची परंपरा. दुसरीकडे १९८२ सालीं स्थापन झालेल्या सन कंपनीनें अभियंत्यांसाठीं वर्कस्टेशनें बनविलीं आणि १९८७ पासून त्यांत स्वतःचा स्पार्क हा प्रोसेसर घालण्यास सुरुवात केली. या दोहोंच्याही वर, राजवाड्याच्या गच्चीवर बसावा तसा, अमेरिकेंतील क्रे कंपनीचा महासंगणक बसलेला होता. त्याचा प्रोसेसर कोणत्याहि दुकानांत मिळत नसे. तो त्या यंत्रापुरताच घडविलेला असे.

हिंदुस्थानास क्रे पाहिजे होता. हवामानाच्या अंदाजासाठीं दिल्लीस एक मिळाला, पण त्याच्या वापरावर कडक अटी होत्या. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हवा असलेला त्याहून शक्तिमान क्रे अमेरिकन सरकारनें मिळूं दिला नाहीं. या यंत्रांवर अण्वस्त्रांचीं व क्षेपणास्त्रांचीं गणितें होतील ही त्या सरकारची भीति. दाराशीं अडविलेला मनुष्य खिडकीचा विचार करूं लागतो, तसें येथें झालें. १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, ज्यास लोक सी-डॅक म्हणून ओळखतात, तें स्थापन झालें, आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याचीं सूत्रें आलीं. मुदत तीन वर्षांची. क्रेसारखा प्रोसेसर तीन वर्षांत घडविणें अशक्य होतें. तेव्हां या मंडळींनीं ठरविलें कीं, मोठा प्रोसेसर मिळत नाहीं तर पेठेंत मिळणारे लहान प्रोसेसर पुष्कळ घ्यावे आणि त्यांच्याकडून एकच काम वांटून करून घ्यावें. इंग्लंडांतील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीची ट्रान्सप्युटर नांवाची चिप त्यांनीं निवडली. तिला शेजारच्या चिपांशीं बोलण्यासाठीं चार दुवे, जणुं चार हात, जन्मतःच दिलेले होते. अशा ६४ चिपांनीं परम ८००० हा संगणक १९९१ सालीं उभा राहिला.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्रैराशिकांत आम्हीं मुलांस विचारीत असूं कीं, १० मजूर एक विहीर १० दिवसांत खणतात तर १०० मजूर किती दिवसांत खणतील? मुलें उत्तर देत, एका दिवसांत; आणि आम्ही त्यांस पूर्ण गुण देत असूं. पण विहिरीच्या तळाशीं १०० मजूर उभे तरी कोठें राहणार? शेत नांगरावयाचें असेल तर गोष्ट निराळी. तेथें १०० जोड्या १०० वावरांत सुखानें चालतील. जीन अॅमडाल या अमेरिकन अभियंत्यानें १९६७ सालीं हीच गोष्ट संगणकाविषयीं मांडली. कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर हजार प्रोसेसर लावले तरी काम दहापटीहून अधिक लवकर होणार नाहीं. म्हणून निवड करणाऱ्यानें पहिल्यानें पाहावयाचें तें हें कीं, आपलें काम विहिरीचें आहे कीं शेताचें. हवेचें गणित बव्हंशीं शेताचें आहे; आकाशाचे चौकोन पाडून ते वांटून देतां येतात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं ट्रान्सप्युटरवर जी पैज लावली ती याच आधारावर.

पैज जिंकली खरी, पण चिप हरली. इन्मॉस कंपनी १९८९ सालींच दुसऱ्याच्या हातीं गेली होती. तिची पुढची चिप फार उशिरां आली, आणि तोंवर इतरांचे प्रोसेसर पुढें निघून गेले. पुण्यास घोडा बदलणें भाग पडलें. परम ९००० मध्यें सनचा सुपरस्पार्क आला आणि १९९८ सालच्या परम १०००० मध्यें अल्ट्रास्पार्क, म्हणजे सनच्या वर्कस्टेशनांत चालणारा प्रोसेसरच, आला. त्यानंतर २००३ सालच्या परम पद्मांत आय. बी. एम.चा पॉवर ४, आणि २००८ सालच्या परम युवांत इंटेलचा झिऑन. पंधरा-सतरा वर्षांत इतके सांधे बदलले! यांत कोणास धरसोड दिसेल. मला तरी ती दिसत नाहीं. मुळापासून त्यांनीं पैसा चिपेवर नव्हे तर वांटणीच्या विद्येवर खर्च केला होता, म्हणून चिप गेली तरी विद्या उरली.

मुंबईकडेहि अशीच हकीकत घडली. आमच्या मसोलीच्या दक्षिणेस, याच किनाऱ्यावर, तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून उभें आहे. अशा भट्ट्यांच्या पोटांत काय चालतें याचें गणित करणें हें ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनेक कामांपैकीं एक काम. १९७४ च्या पोखरण येथील चाचणीनंतर या केंद्रास परदेशाहून मोठा संगणक मिळणें दुरापास्तच होतें. तेथील मंडळींनीं १९९१ पासून अनुपम नांवाचे संगणक स्वतः जुळविले. आरंभीं त्यांत इंटेलचा आय ८६० होता. हा प्रोसेसर गणितांत तरबेज, पण पेठेंत फारसा न खपलेला, आणि कांहीं वर्षांतच बंद पडलेला. मग डिजिटल कंपनीचा अल्फा, जो त्या काळीं वेगांत वर्कस्टेशनांचा मुकुटमणि समजला जाई. आणि त्यानंतर? त्यानंतर पेंटियम, कचेरींतला कारकून ज्यावर पत्रें टंकित करी तोच पेंटियम.

हें असें कां झालें, हें समजून घेण्यासारखें आहे. प्रोसेसरची रचना करण्यास लागणारा खर्च प्रचंड असतो, पण रचना एकदां झाली म्हणजे एकेक चिप छापण्यास त्या मानानें थोडें लागतें. तो मूळ खर्च कांहीं हजार गिऱ्हाइकांवर वांटावयाचा कीं कोट्यवधि गिऱ्हाइकांवर, यावर सारें अवलंबून. घरोघरच्या मुलांनीं खेळण्यासाठीं विकत घेतलेल्या संगणकांनीं पेंटियमच्या पुढच्या पिढीचा खर्च भरून काढला. अल्फाच्या पाठीशीं एवढी गिऱ्हाइकी नव्हती. डिजिटल कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅकनें विकत घेतली, आणि २००१ सालीं कॉम्पॅकनें अल्फाचा वंश पुढें न चालविण्याचें जाहीर केलें. सन कंपनी २०१० सालीं ओरॅकलच्या स्वाधीन झाली. सामान्य प्रोसेसरनें अशा रीतीनें भल्याभल्यांस खालीं बसविलें. २००७ च्या नोव्हेंबरांत पुण्यांतच टाटा समूहाच्या संस्थेचा एका हा संगणक जगांतील पांचशें महासंगणकांच्या यादींत चौथा आला. त्यांत इंटेलच्या झिऑनचे चौदा हजारांवर गाभे होते, आणि झिऑन म्हणजे पेंटियमच्याच कुळांतला, अंगावर चिलखत चढविलेला भाऊ.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला, स्वस्त तोच घ्यावा. तें चिलखत कशासाठीं असतें याची हकीकत मात्र ऐकून ठेवावी. अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठानें २००३ सालीं अॅपल कंपनीचे ११०० मेजावरचे संगणक एकत्र जोडून महासंगणक केला. खर्च सुमारें ५२ लक्ष डॉलर, म्हणजे अशा यंत्राच्या मानानें कांहींच नाहीं. आणि जागतिक यादींत क्रमांक तिसरा. सर्वत्र वाहवा झाली. पण त्या संगणकांच्या स्मृतींत, म्हणजे आपण जिला मेमरी म्हणतों तींत, चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. वर्षभरांत तीं यंत्रें काढून त्यांच्या जागीं ती सोय असलेलीं दुसरीं बसवावीं लागलीं.

ही चूक कसली? स्मृतींत प्रत्येक अंक शून्य वा एक या रूपानें सांठविलेला असतो. चिपेच्या वेष्टनांतील सूक्ष्म किरणोत्सर्गानें अथवा अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळें एखादें शून्य आपोआप एक होऊन जातें. कोणी हात लावलेला नसतो. त्याच २००३ सालीं बेल्जममध्यें, ब्रुसेल्सच्या एका उपनगरांत, यंत्रावर घेतलेल्या मतदानांत एका उमेदवारास ४,०९६ मतें जास्त पडलेलीं दिसलीं. संख्या अशक्य होती म्हणून ती पकडली गेली. आकडा पाहा: दोनाचा बारावा घात. तपासांत दुसरा कोणताहि दोष सांपडला नाहीं, आणि एक अंक आपोआप उलटला असावा असाच निष्कर्ष निघाला. आकडा शक्य कोटींतला असता तर? ११०० यंत्रें आठवडेच्या आठवडे चालवावयाचीं असतील तर अशी चूक अपवाद न राहतां नित्याची होते. पूल, धरण, औषध, अणुभट्टी यांच्या गणितांत ती खपवून घेतां येत नाहीं. वर्कस्टेशनच्या प्रोसेसरसाठीं जे अधिक पैसे मोजतात त्यांतील पुष्कळसे वेगासाठीं नसून या भरवशासाठीं असतात. सामान्य प्रोसेसरांपैकींहि कांहींत ही सोय मिळते. मात्र प्रत्येक मदरबोर्ड ती पुरवील अशी हमी नसते.

या इतिहासांतील एक गंमत मात्र अगदीं अलीकडची. २०१७ सालीं एएमडी कंपनीनें एकच चिप घडविली. ती एकटी बसविली कीं सामान्य संगणकाचा रायझेन. दोन कामास लावल्या कीं वर्कस्टेशनचा थ्रेडरिपर. चार जोडल्या कीं महासंगणकांत बसणारा एपिक. वीट एकच, घर, वाडा आणि किल्ला तिन्ही तिचेच! आठ गाभ्यांच्या सर्वांत वरच्या रायझेनची आरंभींची किंमत ४९९ डॉलर होती, सोळा गाभ्यांच्या थ्रेडरिपरची ९९९. एकेका गाभ्याचा वेग पाहिला तर दोघांत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें दारांचें: त्या वेळीं रायझेनला स्मृतीकडे जाण्याचे मार्ग दोन होते, थ्रेडरिपरला चार, एपिकला आठ. पुण्याच्या सी-डॅकनें २०२० सालीं उभारलेल्या परम सिद्धींत एपिकच आहे. मात्र तेथें जड गुणाकारांचा मोठा भार चित्रें रंगविण्यासाठीं जन्मलेल्या एन्व्हिडियाच्या चिपांवर टाकलेला आहे, आणि ती आणखी एका व्याख्यानाची कथा आहे.

गेल्या उन्हाळ्यांत मसोलींतील एक चिकूबागाईतदार माझ्याकडे आले. मुलगी मुंबईस वास्तुशास्त्र शिकते. तिला संगणक पाहिजे, आणि दुकानदारानें थ्रेडरिपर सुचविला होता. "गुरुजी, बागेचा एक मोसम त्यांत जाईल, पण पोरीचें अडतां कामा नये," असें ते म्हणाले. मुलीसच विचारलें, दिवसभर काय करतेस? ती म्हणाली, नकाशे काढतें, इमारत फिरवून पाहतें, आणि महिन्यांतून एकदोनदां तिचें रंगीत चित्र तयार करवितें. नकाशा काढणें हें विहिरीचें काम. तेथें एकच चपळ मजूर पाहिजे, आणि तो सामान्य प्रोसेसरांत मिळतो. रंगीत चित्र हें शेताचें काम. तेथें अधिक गाभे असते तर रात्रीचे चार तास वांचले असते. पण चित्रांतील एखादा ठिपका चुकला तर कोणाचें घर कोसळत नाहीं. आणि ज्या दिवशीं ती खांबातुळयांचें गणित करूं लागेल त्या दिवशीं तें यंत्र तिच्या कचेरीनें घ्यावयाचें आहे. त्यांनीं सोळा गाभ्यांचा सामान्य प्रोसेसर घेतला, उरलेल्या पैशांतून मेमरी दुप्पट केली आणि वीज गेली असतां अर्धा तास तग धरील असा यूपीएस घेतला. पावसाळ्यांत आमच्याकडे वीज किती वेळां जाते हें दुकानदारास ठाऊक नव्हतें.