लष्करच्या पाट्यांवरील शिंदे

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे नगर झाले. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. वाट सांगण्याची रीत मात्र छावणीचीच उरली. आजही तेथील पत्ता ‘पाटणकर बाजार’, ‘फालका बाजार’, ‘चिटनिस की गोठ’, ‘शिंदे की छावनी’ असाच सांगितला जातो.

यांतले शेवटचे नाव पाहावे. राजघराणे हिंदीत ‘सिंधिया’ झाले, छावणी ‘शिंदे’च राहिली! चिटणिसांचा ‘ण’ तेवढा हरवला. ‘गोठ’ हा, माझ्या मते, आपला लष्करी गोटच होय. गुरांच्या गोठ्याशी त्याचे नाते जोडणे व्यर्थ.

सीमाभागात आपला झगडा दिसतो तरी. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला दिला; महाराष्ट्राने २०२२ मध्ये दहांहून कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. लष्करात दोन्ही भाषांची लिपी एकच. त्यामुळे तेथे मराठी नावे कोणी पुसली नाहीत. ती हिंदी म्हणून वाचली जाऊ लागली, आणि तक्रार करावी असे काही उरलेच नाही.

असले कायदे दुकानाच्या नावाची भाषा पाहतात. कोपऱ्यावरचा बाण ज्या गल्लीकडे वळतो, तिच्या नावाचे रूप कोण पाहणार? बेळगावच्या लहान दुकानदाराने आपल्या वाट्याच्या ४० टक्क्यांत ‘गणपत गल्ली’, ‘खडे बाजार’ ही नावे तरी जशीच्या तशी लिहावीत.