पहिला सोमवार आणि 'डफ' नावाचं जहाज

गेले दोन विकांत ऑफिसच्या रिलीजने खाल्ले, त्यामुळे लिहिणं राहूनच गेलं. शुक्रवारी रात्री नवा कोड सर्व्हरवर चढवला आणि पुढचे दोन तास नुसते स्क्रीनकडे बघत बसलो. अशा वेळी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, पण उठूनही जाववत नाही. आमच्या टीममधला एक जण अशा वेळी डेस्कवरच्या छोट्या गणपतीला हात जोडतो. आम्ही त्याला हसतो आणि मग हळूच स्वतःही जोडतो :-)

त्या दोन तासांत मला माझी आजी आठवली आणि आजीवरून एक जहाज आठवलं. आजचा लेख त्या जहाजाबद्दल आणि त्याच्यासाठी दर महिन्याला प्रार्थना करणाऱ्या लोकांबद्दल. आजीकडे शेवटी येतो.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १७८४ साली इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशर भागातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी एक साधा ठराव केला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या गावात जमायचं आणि जगभरच्या धर्मप्रसारासाठी प्रार्थना करायची. ठराव जॉन सटक्लिफ नावाच्या पाद्र्याचा. मूळ कल्पना मात्र अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सची. त्याने १७४७ साली त्यावर एक पुस्तिका लिहिली होती. याच वर्तुळातून १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी विल्यम कॅरी बंगालला पोचला. हो, तोच कॅरी, ज्याने सेरामपूरहून १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. म्हणजे त्या सोमवारचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो.

१७९५ मध्ये लंडनला आणखी एक संस्था स्थापन झाली. तिला पुढे लंडन मिशनरी सोसायटी म्हणू लागले. पहिला सोमवार यांनीही उचलला. मिशनरी कुठे पाठवायचे यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरलं पॅसिफिक महासागरातलं ताहिती बेट. त्या काळात कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णनं लोक आवडीने वाचत. थॉमस हॉवीस नावाच्या पाद्र्यावर तर त्यांचा इतका परिणाम झाला होता की दक्षिण समुद्राशिवाय त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण ताहितीला जाणार कसं? तिकडे नियमित बोटी नव्हत्याच. म्हणून संस्थेने सरळ जहाजच विकत घेतलं. किंमत सुमारे ५,००० पौंड. तेच हे 'डफ'.

कप्तान होता जेम्स विल्सन. या माणसावर एक वेगळा लेख होईल. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना तो फ्रेंचांच्या हाती सापडला. कडलूरच्या तुरुंगाच्या भिंतीवरून उडी मारून पळाला, मगरींनी भरलेली कोळ्ळिडम नदी पोहून गेला आणि पलीकडे हैदर अलीच्या सैनिकांनी त्याला पकडला! मग जवळजवळ दोन वर्षं श्रीरंगपट्टणच्या कोठडीत. त्यातून तो वाचला, पैसे कमावून इंग्लंडला परतला, आरामात राहू लागला आणि तिथे त्याचं मन धर्माकडे वळलं. जहाजाला कप्तान हवाय म्हटल्यावर तो आपणहून पुढे आला.

मिशनरी होते सुमारे ३०. त्यात रीतसर दीक्षा घेतलेले पाद्री फक्त ४. बाकीचे सुतार, गवंडी, शिंपी, चांभार, विणकर, लोहार. काहींच्या बायका आणि मुलंही बरोबर होती. यांतल्या बहुतेकांनी समुद्राचा प्रवास कधी केलेला नव्हता. १० ऑगस्ट १७९६ च्या पहाटे जहाज थेम्स नदीतून निघालं. डोलकाठीवर जांभळ्या रंगाचा झेंडा होता आणि त्यावर चोचीत ऑलिव्हची फांदी धरलेली तीन रुपेरी कबुतरं. डेकवर शंभरेक लोक भजन गात होते.

आणि मग जहाज अडकलं. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, एकट्या जहाजाने बाहेर पडणं धोक्याचं. त्यामुळे ताफ्याची वाट बघत सप्टेंबर अखेरपर्यंत पोर्ट्समथजवळच थांबावं लागलं. (रिलीजची तारीख पुढे जाणं हा रोग जुनाच दिसतो.)

ठरलेला मार्ग होता रिओ द जनेरो, मग दक्षिण अमेरिकेचं टोक ओलांडून पॅसिफिक. पण तिथल्या वादळांत जहाजाचा निभाव लागेना. विल्सनने तोंड फिरवलं आणि उलट्या बाजूने, आफ्रिकेच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या खालून, जवळजवळ अर्धी पृथ्वी पार करून ५ मार्च १७९७ रोजी ताहिती गाठलं. रिओ सोडल्यावर तीन महिने जमिनीचं दर्शन नव्हतं.

आता जरा लंडनच्या बाजूने विचार करा. जहाजाने मार्ग बदललाय, हे तिथे कोणाला माहीत असणार? डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, जानेवारीच्या पहिल्या सोमवारी लोक मेणबत्त्यांच्या उजेडात जमत असतील तेव्हा त्यांच्या मनात जहाज भलत्याच समुद्रात होतं. ठरलेल्या मार्गावरच्या वादळातून ते वाचावं म्हणून प्रार्थना, आणि जहाज त्या मार्गावर नाहीच! आपण ज्याला लेटन्सी म्हणतो, ती इथे मिलिसेकंदांची नाही, महिन्यांची आहे.

यात एक टाइमझोनचा बगसुद्धा आहे. मला तो कळला तेव्हा मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. जहाज पूर्वेकडून गेलं, पण वाटेत कोणी तारीख मागे घेतली नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच. परिणामी मिशनऱ्यांचं कॅलेंडर ताहितीत एक दिवस पुढे राहिलं. त्यांचा सोमवार म्हणजे खरं तर तिथला रविवार. पहिला सोमवार तेही पाळत होते. हिशोब करून बघा: लंडनमध्ये सोमवारी संध्याकाळी ७ वाजता सभा भरे, तेव्हा ताहितीच्या मिशनऱ्यांच्या वहीत मंगळवारची सकाळ असे. त्यांची स्वतःची सोमवार संध्याकाळची सभा १४ तास आधीच उरकलेली! हा बग पुढे जवळजवळ ५० वर्षं 'प्रॉडक्शन'मध्ये राहिला. १८४० च्या दशकात बेटावर फ्रेंच अंमल आल्यावर तो दुरुस्त झाला.

असो. डफने १८ मिशनरी ताहितीत उतरवले, काही टोंगात सोडले आणि एकाला मार्केसास बेटांवर. मग कँटनला जाऊन ईस्ट इंडिया कंपनीचा चहा भरला आणि ११ जुलै १७९८ रोजी जहाज सुखरूप थेम्समध्ये परतलं. लंडनमध्ये आनंदीआनंद. प्रार्थना ऐकली गेली म्हणून आभाराच्या सभा झाल्या. लगेच दुसऱ्या सफरीची तयारी सुरू झाली.

आणि त्या आभाराच्या दिवसांत ताहितीत काय परिस्थिती होती? चार महिने आधीच, मार्च १७९८ मध्ये, तिथे हाणामारीचे प्रसंग झाले होते आणि १८ पैकी ११ जण मिळेल त्या जहाजाने सिडनीला निघून गेले होते. पुढच्या वर्षी टोंगात यादवी पेटली आणि तिथले ३ मिशनरी मारले गेले. लंडनमध्ये ज्या यशाबद्दल आभार मानले जात होते, ते यश तोवर अर्धंअधिक विरलेलं होतं.

दुसरी सफर १७९८ च्या अखेरीस निघाली. कप्तान नवा, थॉमस रॉबसन. जहाजावर पुन्हा सुमारे ३० मिशनरी, बायका, लहान मुलं. १९ फेब्रुवारी १७९९ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ एका फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने डफला पकडलं. त्या जहाजाचं नाव 'बोनापार्ट'! पुरुषांना बायकामुलांपासून वेगळं करण्यात आलं. सगळ्यांना मॉन्टेव्हिडिओला नेलं. तिथून सुटून परत निघाले तर वाटेत पोर्तुगीजांनी पकडलं आणि लिस्बनला नेलं. ऑक्टोबर १७९९ मध्ये ही मंडळी कशीबशी इंग्लंडला पोचली. जहाज गेलं, सामान गेलं, ताहितीचं तोंडही बघितलं नाही.

माझं मन अडकतं ते इथे. बातमी अटलांटिक ओलांडून येईपर्यंतच्या प्रत्येक पहिल्या सोमवारी लोक डफसाठी प्रार्थना करत होते. अशा जहाजासाठी, जे आता त्यांचं राहिलेलंच नव्हतं. पहिल्या सफरीत प्रार्थना 'ऐकली' असेल, तर दुसऱ्या वेळी काय झालं? लोक तेच, दिवस तोच, श्रद्धा तीच.

पकडल्या गेलेल्यांपैकी विल्यम ग्रेगरी नावाच्या मिशनऱ्याने १८०० साली आपली रोजनिशी छापली आणि तिच्या शीर्षकातच या सगळ्याला ईश्वरी योजनेचं दर्शन म्हटलं. आपल्याला हे मनाची समजूत घालण्यासारखं वाटेल. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढे जे झालं ते. सोमवार बंद पडला नाही. मे १८०० मध्ये 'रॉयल अ‍ॅडमिरल' नावाच्या कैदी वाहून नेणाऱ्या जहाजावर नवे मिशनरी चढले. कप्तान विल्यम विल्सन, म्हणजे डफवरचा जुना पहिला अधिकारी. १८०१ मध्ये ते ताहितीला पोचले. आणि तरीही त्यानंतर बरीच वर्षं हाती काही लागलं नाही. ताहितीचा राजा दुसरा पोमारे याचा बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. डफ पोचल्यानंतर २२ वर्षांनी!

बावीस वर्षं एखादा प्रोजेक्ट काहीही न दाखवता चालू ठेवायचा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दोन क्वार्टर आकडे हलले नाहीत की टीम मोडतात. इथे पैसे देणारे लोक म्हणजे गावोगावचे दुकानदार, कारागीर, मोलकरणी. त्यांना त्या कामाशी बांधून ठेवलं कशाने? माझ्या मते त्या सोमवारने. महिन्यातून एकदा जमायचं, आलेली पत्रं मोठ्याने वाचायची (महिनोनमहिने जुनी असली तरी), नावं घ्यायची, प्रार्थना करायची. प्रार्थनेने वादळ थांबतं का, या प्रश्नात मी शिरत नाही. तो माझा प्रांत नव्हे. पण किनाऱ्यावरची माणसं त्या जहाजाला विसरली नाहीत, एवढं मात्र तिने नक्की केलं.

पुढे यात मुलंही आली. १८४४ मध्ये याच संस्थेचं 'जॉन विल्यम्स' हे जहाज रविवारच्या शाळांतल्या मुलांनी जमवलेल्या ६,००० हून जास्त पौंडांतून झालं. १८५६ मध्ये अमेरिकन बोर्डने 'मॉर्निंग स्टार' बांधलं, तेही मुलांना दहा-दहा सेंटचे 'शेअर' विकून. हा अमेरिकन बोर्ड म्हणजे १८१३ पासून मुंबईत आणि नंतर अहमदनगरला काम करणारा, 'ज्ञानोदय' काढणारा तोच. स्वतःचा शेअर असलेल्या जहाजासाठी कुठलं पोर रोज रात्री हात जोडणार नाही?

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्यासाठी एवढी प्रार्थना चालली होती, त्या ताहितीच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. मिशनऱ्यांनी त्यांची भाषा लिपीत आणली, १८१७ मध्ये छापखाना आणला. पण त्यांचे नाच, त्यांची देवळं, त्यांचे देव यांवर गदा आली. युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी माणसं मेली ती वेगळीच. रुरुतू बेटावरची 'आआ' नावाची देवमूर्ती १८२१ मध्ये मिशनऱ्यांच्या हवाली झाली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चिकाटी ही चांगली गोष्ट, पण ती कोणाच्या दारात नेऊन उभी करतो हेही बघायला लागतं.

आता आजी. माझा काका बोटीवर होता. कोकणात बोटीवर असलेला माणूस घरटी एक तरी सापडतोच. आजी दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घाली आणि रोज संध्याकाळी दिवा लावताना काकाच्या बोटीचं नाव घेई. काकाचं नाही, बोटीचं! इंग्रजी नाव, पण तिने ते आपल्या पद्धतीने वळवून घेतलं होतं. मी चौथीत असताना काकाचं पत्र आलं, सगळं ठीक आहे म्हणून. आजीने देवळात नारळ फोडला, आळीत खोबरं वाटलं. चार दिवसांनी तार आली. काका इंजिनरूममध्ये घसरून पडला होता, पाय मोडून परदेशातल्या इस्पितळात होता. तारखा जुळवल्या तेव्हा कळलं, नारळ फोडला त्याच्या आदल्या दिवशीच तो पडला होता.

बाबा म्हणाले, "म्हणजे आई, तुझा नारळ फुकटच गेला."

आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचा पाय मोडलाय. आता दोन फोडीन."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. डफबद्दल वाचताना मात्र हसू आलं नाही. दुसरी सफर बुडीत गेल्यावर लंडनच्या मंडळींनीही दुसरं काय केलं होतं?

असो. पुढच्या शुक्रवारी परत रिलीज आहे. भेटू त्यानंतरच्या विकांताला.