झिजलेल्या इंजिनाची कथा



हाताने धरून, मागे चालत चालवायचे एखादे जुने टिलर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पात्यांना वाळलेली माती चिकटलेली, टाकीत दोन वर्षांपूर्वीचे पेट्रोल. दोरी ओढली तर इंजिन एकदा खोकल्यासारखे करते आणि गप्प बसते. घरातला तरुण म्हणतो, "भंगारात घालू या." घरातले आजोबा म्हणतात, "थांबा रे, आधी कुणाला तरी दाखवा." आता या दोघांत बरोबर कोण?

आपण म्हणाल, हा प्रश्न मिस्त्रीला विचारावा, इतिहास शिकवणाऱ्याचा इथे काय संबंध? संबंध आहे. हे यंत्र कुठून आले, कुणी कोणत्या अडचणीतून घडवले, हे कळले म्हणजे त्यातले काय झिजते, का झिजते आणि काय बदलता येते, हेही कळते. तेव्हा प्रथम त्याची कुळकथा ऐकू या.

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स प्रांतात गिलगांड्रा नावाचे गाव आहे. तिथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता, जन्म १८९३ चा. १९१२ साली, म्हणजे विशीच्या आतबाहेर असताना, त्याने वडिलांच्या शेतावर एक प्रयोग केला. वाफेच्या इंजिनाची गती घेऊन त्याने जमिनीत फिरणारी पाती चालवली. नांगर माती ओढत पालथी घालतो. हा मुलगा माती कुदळीसारखी खणू पाहत होता, पण यंत्राने. जमीन भुसभुशीत झाली, दबली नाही. मात्र एक खोड राहिली. पाती माती आजूबाजूला फेकून देत. ही खोड त्याने पुढे काढली ती पात्याचा आकार बदलून. इंग्रजी एल अक्षरासारखे वाकवलेले पाते त्याने लहान व्यासाच्या फिरत्या दांड्यावर, अंतर राखून बसवले. पात्याचा आडवा भाग मातीच्या खालून कापत जातो आणि माती जागच्या जागी मोकळी होते. आज आपल्या गावात ट्रॅक्टरमागे जे अवजार फिरते, त्याची पाती जवळ जाऊन पाहा. तोच एल आकार दिसेल.

मध्ये पहिले महायुद्ध आले आणि काम थांबले. युद्धानंतर हॉवर्डने पुन्हा सुरुवात केली आणि १९२० साली पेट्रोलच्या इंजिनावर चालणाऱ्या फिरत्या कुदळीचे पेटंट घेतले. १९२२ मध्ये कंपनी निघाली. मागणी इतकी वाढली की १९३८ साली त्याने इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात दुसरा कारखाना काढला. या घराण्याच्या यंत्राचे नाव होते 'रोटाव्हेटर'. बरं का, आपला शेतकरी आज सहज म्हणतो, "रोटाव्हेटर मारून घेतला", तो शब्द तिथून आलेला. शिक्षकांनी मुलांना एक गंमत दाखवावी: हा शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहा आणि उलटा वाचा. तसाच वाचता येतो!

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कोनराड फॉन मेयेनबुर्ग हा इंजिनियर याच विचारात होता. त्याच्या कल्पनेवरून जिनीव्हाच्या सिमार कंपनीने माणसाने मागून चालत चालवायची छोटी यंत्रे केली. १९३० च्या सुमारास केल्सी नावाच्या गृहस्थाने ती अमेरिकेत नेली आणि तिथे परसबागेतल्या टिलरचा प्रसार झाला. म्हणजे मोठ्या शेतासाठी हॉवर्डची वाट, लहान बागेसाठी स्विस वाट, असे ढोबळ मानाने म्हणता येईल.

पण पाती नुसती असून काय उपयोग? त्यांना फिरवणारे इंजिन हलके आणि स्वस्त हवे. जर्मनीत निकोलाउस ओटोने चार धावांचे इंजिन १८७६ मध्ये चालवून दाखवले होते. पहिली धाव मिश्रण आत ओढते, दुसरी दाबते, तिसरी पेट घेऊन ढकलते, चौथी धूर बाहेर टाकते. तुमच्या टिलरमधले इंजिनही बहुधा याच चार धावांवर चालते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरातल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९५३ साली ॲल्युमिनियमचे हलके इंजिन बाजारात आणले आणि अशी इंजिने बागेतल्या अवजारांवर घरोघर पोचली. वजन कमी झाले, किंमत उतरली. पण ओतीव लोखंडाचे सिलिंडर पुन्हा पुन्हा बोअर करता येते, तशी सोय प्रत्येक ॲल्युमिनियम सिलिंडरला मिळेलच असे नाही. दुरुस्तीच्या वेळी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आता इंजिनातला सर्वांत गरीब भाग पाहू, तो म्हणजे पिस्टनची रिंग. इंग्लंडमधील रेल्वे इंजिनियर जॉन रॅम्सबॉटम याने १८५२ साली वाफेच्या इंजिनासाठी ती योजली. एका ठिकाणी कापलेले धातूचे कडे. ते स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून दाब अडवते. युक्ती अशी, की हजारो रुपयांच्या सिलिंडरऐवजी आधी ही स्वस्तातली कडी झिजावी. झिजण्यासाठीच तिचा जन्म आहे! तेव्हा रिंग झिजली म्हणून इंजिन मेले असे म्हणणे, म्हणजे जोड्याचा तळ झिजला म्हणून माणूस चालेनासा झाला असे म्हणण्यासारखे आहे.

अशी रिंग करणेही सोपे नाही. जपानात हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी १९३७ साली रिंगा करण्याचा कारखाना काढला. हात कुशल होते, मेहनत दांडगी होती, पण रिंगा जमेनात. त्यांनी गावच्या तांत्रिक शाळेतील प्राध्यापकाला विचारले. उत्तर आले, धातूत सिलिकॉन कमी पडते आहे. चालता धंदा असलेला हा गृहस्थ त्या शाळेत जाऊन विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसला आणि धातुशास्त्र शिकला. टोयोटा कंपनीने ५० रिंगा तपासायला घेतल्या, तेव्हा त्यांतल्या अवघ्या ३ पसंतीस उतरल्या होत्या. तरी त्यांनी नाद सोडला नाही. पुढे युद्धात बाँब पडले, १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला, आणि तो त्यांनी विकून टाकला. १९४६ मध्ये सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज देणारी लहान इंजिने पडून असलेली त्यांना दिसली. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते त्यांनी दुरुस्त करून सायकलींना जोडले. आणि १९५९ साली त्याच होंडांच्या कंपनीने आपले पहिले टिलर बाजारात आणले. अडगळीतल्या इंजिनांपासून टिलरपर्यंतचा हा प्रवास १३ वर्षांचा आहे. कोपऱ्यात पडलेले जुने इंजिन पाहताना तो आठवावा.

तर मग आपल्या कोपऱ्यातल्या यंत्राचे काय करायचे? क्रम धरून चला. पहिली गोष्ट, प्लगची वायर काढून बाजूला बांधा. पाती हाताने फिरवताना इंजिन चुकून पेटले तर बोटे जातील. ही काळजी कुणाही मिस्त्रीने टाळू नये.

दुसरी गोष्ट, स्वस्तातली कारणे आधी पाहा. शिळे पेट्रोल काढून टाकी धुवा. कार्ब्युरेटरचे बारीक भोक चिकट राळेने बुजलेले असते, ते साफ करा. प्लगवरची काजळी काढा. मॅग्नेटोचे पॉइंट पांढुरके झाले असतील तर पुसा, आणि फट मोजा. ब्रिग्जच्या पुष्कळ जुन्या इंजिनांत ती इंचाच्या हजारांश भागांच्या हिशेबाने २० ठेवतात. पुष्कळदा इथेच इंजिन सुरू होते आणि भंगाराचा विषय संपतो.

सुरू झाले नाही, किंवा होऊनही ताकद नसेल, तर दाब तपासा. दोरी हळू ओढताना एका ठिकाणी हाताला जोरदार अडकाव जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा ओढा. आता अडकाव वाढला, तर दाब रिंगांच्या बाजूने पळत होता. तेलाने ती वाट तात्पुरती बंद केली. वाढला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेडच्या पॅकिंगवर घ्या. किती साधी कसोटी! तिला वीज लागत नाही की महागडे यंत्र लागत नाही. धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. बहुतेक वेळा हवेची जाळी धुळीने बुजलेली असते.

धूळ हीच खरी शत्रू आहे. टिलर धुळीतच काम करते. जाळी फाटकी असेल तर मातीचे कण तेलात मिसळतात आणि सिलिंडर घासत राहतात. नव्या रिंगा घालून जाळी जुनीच ठेवली, तर पैसे मातीत गेले म्हणून समजा.

व्हॉल्व्ह गळत असेल तर पेस्ट लावून तो बैठकीवर घासतात. घासल्यावर तो थोडा खोल बसतो आणि खालची फट कमी होते. जुन्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या इंजिनांत ती फट जुळवायला स्क्रू नसतो. दांड्याचे टोक जपून घासावे लागते. घाईचा मिस्त्री इथे चुकतो, आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून जळतो. सिलिंडर लोखंडी असून अंडाकार झिजला असेल, तर तो लेथवाल्याकडे बोअर करून इंचाच्या १०, २० किंवा ३० हजारांश भागांनी मोठा पिस्टन घालता येतो. मात्र क्रँकची पिनच झिजून वाकडी झाली असेल, किंवा कनेक्टिंग रॉडने आतले कवच फोडले असेल, तर आजोबांनीही हट्ट धरू नये. मोजमाप घ्या, भागांची किंमत विचारा, मग ठरवा.

हे मोजमाप शक्य झाले, यालाही इतिहास आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांचे एक ठराविक माप सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा. एकाचा दुसऱ्याला बसत नसे. माप ठरले म्हणून एका देशातला भाग दुसऱ्या देशातल्या यंत्राला बसू लागला.

आपल्याकडेही ही शिकवण नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे १९४६ साली त्याच घराण्याने पुण्यात तेलाच्या इंजिनांची कंपनी काढली. विहिरीवर असे इंजिन आले तसा गावोगाव त्याचा मिस्त्रीही तयार झाला. त्याआधी फाळ झिजला तर आपण नांगर फेकत नव्हतो. लोहाराकडून पाजवून आणत होतो. रिंग हा इंजिनाचा फाळच आहे. कोकणातल्या भातखाचरात चालणाऱ्या पॉवर टिलरलाही हाच न्याय लागू आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून थांबतो. गावात असे एखादे बंद इंजिन असेल, तर मालकाच्या परवानगीने आणि जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली ते मुलांसमोर उघडा. चार धावा पुस्तकात वाचणे वेगळे आणि पिस्टन हाताने वरखाली होताना पाहणे वेगळे. यंत्र विकत घेण्याचे बळ गावाला कर्जानेही येते. ते दुरुस्त करण्याचे बळ मात्र शिकूनच येते. ते गावात नसेल, तर ऐन पेरणीच्या आठवड्यात बंद पडलेले यंत्र तालुक्याच्या रांगेत उभे राहते, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही.