देणे कोण लागतो?

माझा आजा गावचा येसकर होता. पाटलाचा सांगावा आला की हातातली भाकर टाकून तो उठे. आजी विचारी, “आत्ताच कशाला?” तो म्हणे, “जावं लागतं.” या ‘लागतं’ला कर्ता नव्हता. हे कोणी लावले आणि बदल्यात गाव आपले काय देणे लागतो, हा प्रश्न त्या वाक्यात शिरूच शकत नव्हता. १९५८च्या कायद्याने वतने गेली, शब्द राहिला.

पुढे शाळेत इंग्रजी शिकलो. गुरुजींनी ‘शॅल’ घोकून घेतला. स्वतःविषयी ‘आय शॅल’ म्हटले तर साधा भविष्यकाळ. दुसऱ्याविषयी ‘ही शॅल’ म्हटले की आज्ञा. जॉन वॉलिस या इंग्रज पंडिताने १६५३ साली आपल्या व्याकरणात हा भेद मांडला होता. बोलणारा मोकळा आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो बांधलेला. मला हे आमच्या चावडीचेच व्याकरण वाटले.

शब्दांची मुळे खणली तेव्हा मात्र निराळेच हाती आले. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे ‘देणे लागणे’. नैतिक कर्तव्य सांगणारा ‘ऑट’ हा ‘ओ’, म्हणजे देणे असणे, या क्रियापदाचा जुना भूतकाळ. ‘ड्यूटी’ म्हणजेही जे देय आहे ते. ‘ऑब्लिगेशन’मध्ये लॅटिनमधले ‘बांधणे’ आहे. म्हणजे या भाषेत कर्तव्य मुळात कर्ज आहे. कर्ज म्हटले की दोन बाजू आल्या, वसुलीचा हक्क आला. आमच्या धर्मशास्त्राने शूद्रातिशूद्रांचे कर्तव्य जन्मालाच चिकटवले होते. तिथे वसुलीला जागा नव्हती.

इंग्रजीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. बंधन नको असले की त्या भाषेतही पळवाटेची क्रियापदे पुष्कळ सापडतात. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, अशी कौन्सिल ‘शिफारस’ करीत होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे खुले केले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे आमचे लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला ओल लागली. शिफारस कोणालाच बांधत नाही.

राज्यघटनेचा मसुदाही इंग्रजीत झाला. तिथे एकेका क्रियापदावर आमचे भवितव्य टांगलेले आहे. कलम ३३० म्हणते, लोकसभेत अनुसूचित जातींसाठी जागा राखीव ‘ठेवल्या जातील’. हा ‘शॅल’ पक्का. नोकऱ्यांविषयीचे कलम १६(४) मात्र एवढेच म्हणते, की राज्याने राखीव जागांची तरतूद केली तर हे कलम आड येणार नाही. राज्याला मुभा आहे, सक्ती नाही. याच अर्थाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या खटल्यात सांगितले, की बढतीत आरक्षण देण्यास राज्य बांधलेले नाही.

शिक्षणाचेही तेच. मूळ कलम ४५ नुसार चौदा वर्षांखालील सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण राज्य ‘देईल’ असे नव्हते. देण्याचा ‘प्रयत्न करील’, असे होते. शिवाय कलम ३७ ने कोर्टाचे दार बंद केलेले. दहा वर्षे १९६० साली संपली. ‘प्रयत्न’ गळून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी निखळ ‘देईल’ यायला २००२ सालची ८६वी घटनादुरुस्ती लागली, आणि ती अंमलात आली १ एप्रिल २०१० रोजी. एका क्रियापदासाठी साठ वर्षे! तेवढ्यात आमच्या वस्त्यांतली किती पोरे गुरांमागे आणि वीटभट्ट्यांवर गेली, याचा हिशेब कोणी द्यायचा?

इंग्रजीत ‘ओ’ आणि मालकी सांगणारा ‘ओन’ हे एकाच मुळाचे आहेत. ज्याच्यापाशी आहे, तोच देणे लागतो. मराठीतही ‘देणे लागतो’ आहेच की! आजाला आपल्या ‘लागतं’चा कर्ता विचारता आला नाही. आपल्याला तो विचारता येतो. म्हणून कायद्याचा कोणताही मसुदा हाती आला, की त्यातल्या आश्वासनांनी हुरळून न जाता मी आधी त्याचे क्रियापद पाहतो.