समोरून एक, बाजूने एक

सिडनी पोलिसांनी १९२० च्या दशकात काढलेले गुन्हेगारांचे फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिले असतीलच. तिरकी हॅट, सूट, चेहऱ्यावर बेफिकिरी... खिसेकापू कसला, सिनेमाचा हिरोच वाटावा! मला ते जाम आवडतात. पण एक प्रश्न पाठ सोडत नाही. पोलिसांचा कॅमेरा नेमका वळतो कोणाकडे?

समोरून एक, बाजूने एक, ही फोटोची पद्धत पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या बर्टियाँने १८८० च्या दशकात ठरवून दिली. जोडीला डोकं, कान, बोटं यांच्या मापांचं कार्ड. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसच की! आपल्याकडे १९२० च्या कायद्याने कैद्यांची मापं आणि फोटो घ्यायचा अधिकार दिला.

आता १२ जानेवारी १९२५, मुंबईचा मलबार हिल. श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला मोटारीत होते, सोबत इंदूर दरबारातून निघून आलेली मुमताज बेगम. हल्लेखोरांनी गाडी अडवून बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली. माणसं इंदूरची निघाली. तिघांना फाशीची शिक्षा झाली. महाराज तुकोजीराव होळकरांपुढे सरकारने पर्याय ठेवला : चौकशीला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. हुकूम कोणाचा होता, हे कोर्टात कधी ठरलंच नाही!

आता दुसरं टोक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यातही आला. नोंदणी, हजेरी, बोटांचे ठसे. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला... कागदावर. आमच्या कुरुंद्याकडे काय किंवा मराठवाड्यात कुठेही काय, चोरी झाली की बोट आधी पारध्यांच्या पालाकडेच जातं.

२०२२ मध्ये १९२० चा कायदा जाऊन नवा आला. आता डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅनही घेता येतं आणि नोंदी ७५ वर्षं राहतात. सिस्टिम कितीही भारी बनवा, एन्ट्री कोणाची करायची हे चौकीतला माणूसच ठरवणार.

असो. ते सिडनीचे फोटो जरूर बघा. फक्त ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही, त्यांचीही आठवण ठेवा.