जयपूर फूट

जयपूर फूट हे रबरापासून बनविलेले कृत्रिम पाऊल आहे. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण अल्प असलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर येथील सवाई मानसिंग रुग्णालयात ते विकसित केले.

पार्श्वभूमी

त्या काळी उपलब्ध असलेली पाश्चात्त्य पद्धतीची कृत्रिम पावले बुटात घालून वापरण्यासाठी घडविलेली होती आणि त्यांचा घोटा जवळजवळ ताठ असे. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ही उणीव फारशी जाणवत नसे. भारतातील ग्रामीण माणसाला मात्र उकिडवे बसावे लागते, मांडी घालून जेवावे लागते, घरात व देवळात अनवाणी वावरावे लागते आणि चिखलात उभे राहून शेती करावी लागते. त्यामुळे अनेक रुग्ण बसविलेला पाय टाकून पुन्हा कुबड्या घेत.

रचना

स्पंज रबर व लाकूड यांच्या गाभ्यावर त्वचेच्या रंगाच्या रबराचे आवरण चढवून ते साच्यात उष्णतेने पक्के केले जाते. बोटांसह घडविलेले हे पाऊल घोट्यात अनेक दिशांना लवते, पाण्याने सहसा खराब होत नाही आणि बुटाविना वापरता येते. ते बनविण्यास साधी साधने पुरतात.

प्रसार

देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य बसविते. अफगाणिस्तानासह अनेक देशांत त्यांचा वापर झाला आहे. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम सादर केले. सेठी यांना १९८१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.